थोरल्या डॉक्टरांचा होकार

थोरल्या डॉक्टरांना सकाळी खुर्चीत बसवणं हे दोघांचं काम होतं. धाकटे डॉक्टर, म्हणजे त्यांचा मुलगा, काखेत हात घालून त्यांना उचलून धरायचे आणि सूनबाई खुर्ची मागून पुढे सारायची. मग कोट. कोटाची उजवी बाही आधी चढवायची, कारण तो हात आता नुसता लोंबायचा. बाही चढली की पंजा सरळ खिशात. खिशात हात घालून बसलेला डॉक्टर रुबाबदार दिसतो, हा सूनबाईचा शोध. गळ्यात स्टेथोस्कोप, हनुवटीखाली रुमाल. पहिला पेशंट दाराशी आला की रुमाल काढून ती विचारायची, "आप्पा, पाठवू ना आत?"

"हो," आप्पा म्हणायचे.

मेंदूतल्या झटक्याने त्यांचे बाकीचे सगळे शब्द नेले होते आणि हा एक मागे ठेवला होता. असं होतं कधीकधी. माणसाला ऐकू येतं, कळतं, मनात वाक्य तयार असतं आणि तोंडातून दर वेळी तोच एक शब्द बाहेर पडतो. कुणाच्या वाट्याला शिवी येते, कुणाच्या वाट्याला बायकोचं नाव. आप्पांच्या वाट्याला 'हो' आला. खुणाही गेल्या होत्या. मान आडवी हलवायला जावं तर ती उभीच हलायची, आणि डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. सुनेच्या नशिबाला मात्र दाद द्यायला हवी. मागे 'नाही' उरला असता तर दवाखाना तेव्हाच बंद पडला असता.

दवाखाना आप्पांच्या नावावर होता. पाटी त्यांची, भिंतीवर काच लावून टांगलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र त्यांचं. नियम सरळ होता: ज्याच्या नावाने दवाखाना, तो डॉक्टर दवाखान्याच्या वेळात आत हजर पाहिजे. तो सांगेल तसं मदतनिसाने ड्रेसिंग करावं, सुई द्यावी. धाकटे डॉक्टर सध्या असे मदतनीस होते. खरं तर तेही शिकलेले डॉक्टर. पण धडधाकट माणसांना आजारपणाचे दाखले वाटल्याबद्दल वैद्यक परिषदेने त्यांचं नाव काही काळापुरतं यादीतून उतरवलं होतं. तो काळ संपेपर्यंत त्यांनी स्वतःच्या मनाने एक गोळी जरी दिली तरी तुरुंग होता. धडधाकटांना आजारी ठरवल्याची शिक्षा भोगताना घरातल्या आजाऱ्याला धडधाकट ठरवायची पाळी आली, यातली गंमत नवरा-बायकोपैकी एकालाही कधी दिसली नाही.

झटका आला तो जेवताना. घास हातातून पडला, तोंड एका बाजूला वाकलं. धाकट्यांना एका नजरेत कळलं काय झालंय ते. तेव्हाच्या तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं असतं तर बराचसा माणूस परत मिळाला असता. त्यांनी गाडीची किल्ली उचललीही होती. सूनबाई दारात आडवी उभी राहिली.

"तिथे नोंद होईल," ती म्हणाली. "नोंद झाली की परिषदेला कळणार. आप्पांचं नाव गेलं की पाटी गेली. तुमचं नाव तर आधीच गेलंय. मग आपण करायचं काय?"

"अगं, बाप आहे माझा."

"म्हणून तर म्हणते, घरीच बघा. तुम्ही डॉक्टर आहात ना?"

ते डॉक्टर होते. त्यांनी घरीच बघितलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तेव्हा आप्पा पडले, हात दुखावलाय, असं सांगितलं. त्या दुखण्याचा कागद जगात कुठेच तयार झाला नाही.

सूनबाई वकील नव्हती, पण लग्नाआधी ती तिच्या मामाच्या वकिली कचेरीत जबान्या टाइप करायला बसायची. साक्षीदार काय बोलतो याला फारसा अर्थ नसतो, प्रश्न कसा घातला याला असतो, हे ती तिथे शिकली. दवाखान्यातला कायदा तिच्याकडे होता. वापरलेल्या सुया कुठल्या डब्यात, रक्ताळलेला कापूस कुठल्या पिशवीत, बाईला तपासताना खोलीत दुसरी बाई हवी, तक्रार करायची तर कुणाकडे तो पत्ता भिंतीवर ठळक हवा. कुणाला बोट ठेवायला जागा नाही. छोटे नियम इतके चोख पाळायचे की मोठ्या नियमाकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही बाई डोळे उघडे ठेवून प्यायची, आणि वर भांडंही विसळून ठेवायची.

आप्पांना प्रश्न विचारायची पद्धत तिनेच बसवली. "पथ्य सोडलं तर चालेल का?" असं विचारायचं नाही. "पथ्य पाळायचं ना?" असं विचारायचं. 'हो' हेच बरोबर उत्तर येईल असाच प्रश्न तोंडातून बाहेर काढायचा. धाकट्यांनाही तिने हे शिकवलं. एखादा पेशंटच मध्ये बोलला, "डॉक्टर, घाबरण्यासारखं आहे का हो?" की ती लगेच पुढे व्हायची, "घाबरू नका असंच म्हणताय ना, आप्पा?" आप्पा "हो" म्हणायचे आणि पेशंट मोकळा श्वास घेऊन उठायचा. लोक खूश होते. थोरले डॉक्टर हल्ली बोलतात कमी, पण बोलतात ते अगदी नेमकं, असं बाहेरच्या बाकावर ऐकू यायचं.

ती सवय मग घरीही गेली. झोपायचं ना, आप्पा? खिडकी लावू ना, आप्पा? ताटात अजून वाढायचं राहिलेलं असताना, पुरे ना, आप्पा? "हो," आप्पा म्हणायचे आणि ताट उचललं जायचं. ते ताटाकडे बघत राहायचे. पुढे तेही बंद झालं.

आता त्या शिंप्याचं.

शिंपीकाका आप्पांचे जुने पेशंट. आयुष्य पायाने मशीन चालवण्यात गेलेलं. त्यांचा उजवा गुडघा सुजला म्हणून ते लंगडत आले. धाकट्यांनी आतल्या खोलीत वरवर बघितलं आणि म्हणाले, "आखडलाय. सांध्यात सूज उतरवायची एक सुई देतो, पळायला लागाल."

"थोरले डॉक्टर काय म्हणतात?"

"ते काय वेगळं सांगणारेत? हेच."

"तरी एकदा दाखवतो. माझ्या वडलांचं त्यांनीच केलं, माझं त्यांनीच केलं. ते घे म्हणाले की घेतली."

काकांनी आप्पांच्या टेबलाशी येऊन विजार वर केली. आप्पांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला. गुडघा तापला होता, वरची कातडी लाल आणि ताणलेली. असा सांधा दिसला की त्यात ती सुई द्यायची नसते, हे नवशिक्या डॉक्टरलाही माहीत असतं. आत पू धरलेला असेल तर ती सुई त्याला मोकळं रान करून देते. आप्पांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"काय डॉक्टर, घेऊ का सुई?"

"हो," आप्पा म्हणाले, आणि स्वतःचाच शब्द ऐकून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी काकांचं मनगट घट्ट धरलं. मग सोडलं आणि टेबलावर हात आपटला. "हो! हो! हो!" चहाचा कप कलंडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

शिंपीकाका हसले. "अहो, एवढ्या जोरात कशाला सांगताय? घेतो म्हटलं ना!"

सूनबाईने सांडलेला चहा पुसला. आप्पांचे डोळे तिने पाहिले होते, आणि ती काही खुळी नव्हती. ते 'नको' म्हणतायत हे तिला त्या खोलीतल्या भिंतीइतकं स्पष्ट दिसत होतं. पण बाहेर बाक भरलेला होता आणि नवरा सुई भरून उभा होता. आज आप्पांचा होकार एकदा खोटा ठरवला तर आजवरचे सगळेच खोटे ठरणार होते. तिने रुमालाने त्यांचे डोळे टिपले.

"शांत व्हा, आप्पा. झालं ना सांगून?"

"हो," आप्पा म्हणाले.

शिंपीकाकांचा पाय मांडीपासून कापावा लागला.

पाय गेला तरी काकांनी थोरल्या डॉक्टरांना बोल लावला नाही. तक्रार केली ती त्यांच्या मुलीने. सुई नेमकी दिली कुणी, कुणाच्या सांगण्यावरून, आणि नाव काढून ठेवलेला माणूस दवाखान्यात करतो काय, असे सरळ तीन प्रश्न तिने परिषदेला विचारले. चौकशी लागली. चौकशीच्या बाई दवाखान्यात येऊन थोरल्या डॉक्टरांशी समक्ष बोलणार, असं कळवण्यात आलं.

मामा धावत आले. ते चष्मा पुसत पुसत बोलायचे. चष्मा जितका वेळ पुसला जाईल तितकी गोष्ट वाईट, हे सूनबाईला कचेरीपासून माहीत होतं. त्या दिवशी चष्मा बराच वेळ हातात होता.

"हे बघ पोरी. म्हातारबुवा शुद्धीत आहेत, हिंडत-फिरत नसले तरी डोकं ठिकाणावर आहे, आणि त्यांनी सांगितलं म्हणून जावईबापूंनी सुई दिली. असं असेल तर वाईट झालं, पण गुन्हा नाही. पू सगळ्यांच्याच नशिबात कधीतरी येतो. पण म्हातारबुवांना बोलता येत नाही, हे बाहेर पडलं तर? तर मग एवढे दिवस या दवाखान्यात डॉक्टर नव्हताच. ती फसवणूक, आणि पाय गेलाय म्हणजे फौजदारी. जावईबापू आत जातील, आणि तूही सुटायची नाहीस."

"आप्पा हो म्हणतील," सूनबाई म्हणाली.

"कशालाही हो म्हणतील, तीच तर भीती. बाईने उलटा प्रश्न घातला तर? मुलगा मनानेच औषधं देतो का, असं विचारलं तर? तिथेही हो. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. उघडायला लागली तर आपणच उघडू, तिला उघडू देऊ नको. प्रश्न तूच पुढे होऊन विचार."

तालीम सुरू झाली. रोज दवाखाना सुटला की सूनबाई आप्पांसमोर बसायची. तुम्हीच सांगितलं होतं ना, आप्पा? हो. गुडघा तुम्हीच तपासला ना? हो. आप्पा भिंतीकडे बघून उत्तरं द्यायचे. एकदा मध्येच त्यांनी ओठ आवळले आणि नाकातून काहीतरी आवाज काढला. सर्दी झाली असेल म्हणून तिने वाफ दिली.

त्याच सुमारास आप्पा बाथरूममध्ये जास्त वेळ लावायला लागले. धाकटे त्यांना आत स्टुलावर बसवून दार लोटून घ्यायचे. आत नळ सोडलेला असायचा आणि पाण्याच्या आवाजाखाली एक लांबलचक हुंकार चालायचा. न्न. न्न. न्न.

"आप्पा हल्ली गुणगुणतात," सूनबाई म्हणाली.

"बरंय की. मन रमतंय," धाकटे म्हणाले.

आप्पांकडे वाचा गेलेले पेशंट काय कमी आले होते? त्यांना ते स्वतः सांगायचे, नळ सोडून बसा, कुणाला ऐकू जात नाही, लाज सोडा आणि गाण्यासारखा एकच आवाज धरून ठेवा. हे धाकट्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. पण बापाला बोलतं करायचं त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं, त्यामुळे आठवायचा प्रश्नच आला नाही. आणि इतक्या दिवसांत, दवाखान्यात की घरी, आप्पांना असा एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता ज्याचं उत्तर 'हो' सोडून दुसरं काही असेल. ते देऊ शकतात की नाही, हे कळणार कसं?

चौकशीच्या बाई सकाळीच आल्या. बरोबर लिहून घेणारा एक कारकून. शिंपीकाका कुबड्यांवर, मागे त्यांची मुलगी. सूनबाईने आप्पांचा कोट कडक इस्त्री केला होता, दाढी करून दिली होती. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून छताचा पंखाही तिनेच बंद केला होता. मामांनी आपली खुर्ची आप्पांच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि एक हात त्यांच्या खांद्यावर टाकून, दवाखान्यातर्फे आपण बोलणार असल्याचं सांगितलं.

"मॅडम, आप्पांना मोठ्याने बोलायचा त्रास होतो," सूनबाई पुढे झाली. "मी विचारते, म्हणजे त्यांना..."

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सूनबाई बसली. बाईंनी खुर्ची ओढून घेतली, आप्पांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं. मग वर बघितलं.

"डॉक्टर, आत्ता या खोलीतला पंखा चालू आहे का?"

धाकट्यांनी डोळे मिटले. इतका साधा प्रश्न, आणि सगळ्या कायद्यावर पाणी फिरवणारा.

आप्पांनी ओठ आवळले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. नाकातून तो बाथरूममधला आवाज आला, न्न, आणि मग त्याच्या शेपटाला धरून बाकीचा शब्द बाहेर पडला.

"नाही."

सूनबाईला काय झालं म्हणून सांगू! आनंद झाला. अगदी मनापासून, डोळे भरून येईपर्यंत आनंद झाला. इतके दिवस ज्याला ती कोटात घालून बसवत होती तो म्हातारा आयत्या वेळी असा उभा राहिला होता. तिला वाटलं उठून त्यांच्या पाया पडावं. धाकट्यांनी तर "आप्पा!" असा हुंदकाच दिला. मामांनी आप्पांचा खांदा थोपटला आणि बाईंकडे असं बघितलं की, झालं समाधान?

बाईंनी मान हलवली. "छान. शिंपीकाकांच्या गुडघ्यात सुई द्या, असं तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही."

"ती द्यायला हवी होती, असं तुमचं मत होतं?"

"नाही!" आप्पांनी टेबलावर हात आपटला. "नाही! नाही!"

कारकुनाचं पेन कागदावर खरखरत होतं. शिंपीकाकांची मुलगी तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. धाकटे डॉक्टर भिंतीला टेकले. आप्पा एकट्या शिंपीकाकांकडे बघत होते. घाम आला होता, हनुवटीवर लाळ होती, पण चेहरा इतका मोकळा झाला होता की तो पूर्वीचा डॉक्टर आत कुठेतरी होता याची खात्री पटावी. एवढ्यासाठीच तर ते रोज नळ सोडून बसत होते.

मामांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता परत घातला. मग ते उठले, आपली खुर्ची आप्पांपासून उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला धाकट्यांशेजारी नेऊन ठेवली.

"मॅडम, आता मी फक्त धाकट्या डॉक्टरांतर्फे बोलतोय. थोरल्या डॉक्टरांनी आपला वकील आपण बघावा. तर थोरले डॉक्टर शुद्धीत आहेत, त्यांना सगळं समजतं आणि त्यांना हो-नाही सांगता येतं, हे तुम्ही स्वतःच आत्ता सिद्ध केलंत. आभारी आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्यात." ते आप्पांकडे वळले. "आप्पासाहेब, सुई घेऊ का, असं या काकांनी तुम्हाला विचारलं होतं?"

आप्पांनी आयुष्यात पेशंटबद्दल खोटं सांगितलं नव्हतं.

"हो."

"आणि तुम्ही 'हो' म्हणालात."

आप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मिटले, परत हलले. त्यांच्याजवळ आता दोन शब्द होते. दोन शब्दांत माणसाला खरं बोलता येतं, खोटंही बोलता येतं. पण 'पण' म्हणता येत नाही.

"हो," आप्पा म्हणाले. पुढे काहीतरी घरघरलं, त्याचा शब्द झाला नाही.

"म्हणाले," शिंपीकाका हळूच म्हणाले. "जोरजोरात म्हणाले. म्हणून तर घेतली."

बाई हुशार होत्या, हे मानायला हवं. त्यांनी पुढे वाकून विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्हाला 'नाही' हा शब्द बोलता येत होता का?"

आप्पांचे डोळे चमकले. सगळा प्राण गोळा करून ते म्हणाले, "नाही!"

"हे बरंय!" मामा हसले. "आत्ता खणखणीत येतंय आणि तेव्हा तेवढं येत नव्हतं? कुठलं दुखणं, कुठल्या इस्पितळात, कुठली तपासणी? एक कागद दाखवा. पेशंट विचारा हवे तेवढे, सगळे सांगतील थोरले डॉक्टर रोज बोलत होते. आता गळ्याशी आलं म्हणून वाचा गेली होती म्हणे."

कागद खरंच नव्हता. बाई सूनबाईकडे वळल्या.

"तुम्ही रोज इथे असता. त्या दिवशी या टेबलाशी होता. यांना तेव्हा 'नाही' म्हणता येत होतं?"

खोलीतले सगळे सूनबाईकडे बघायला लागले. आप्पाही. लग्न होऊन ती नवीन आली तेव्हा सासूबाई तिला घालूनपाडून बोलायच्या. एकदा आप्पांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "तिच्या बाजूने बोलणारं इथे कुणी नाही असं समजू नका, मी आहे." ते तिला आत्ताच का आठवावं? तिला आठवलं, आणि आठवलं म्हणून रागही आला. खरं सांगितलं तर म्हातारा सुटणार होता आणि नवरा आत जाणार होता, कदाचित तीही. खोटं सांगितलं तर म्हाताऱ्याचं नाव जाणार होतं. म्हाताऱ्याला तसंही नाव घेऊन आता कुठे जायचं होतं? आणि एवढ्या वर्षांत तिला साक्षीदाराच्या जागी बसवून प्रश्न घालणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. उत्तर किती सोपं असतं, हे तिला तेव्हा कळलं.

"हो," सूनबाई म्हणाली.

कारकुनाने ते लिहून घेतलं.

शिंपीकाका उठायला लागले. मुलगी आधार द्यायला पुढे झाली, तिला बाजूला सारून ते कुबड्यांवर आप्पांच्या टेबलाशी आले. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कडवटपणा होता.

"डॉक्टर, येत होतं ना तुम्हाला? मग माझ्या वेळेला का नाही म्हणालात?"

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा डावा हात टेबलावरून थोडा पुढे सरकला. काकांनी तो घेतला नाही. कुबड्यांचा आवाज पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

मंडळी गेल्यावर मामांनी पंखा लावला आणि ऐसपैस बसले. "सुंठेवाचून खोकला गेला. थोरल्यांचं नाव कायमचं जाईल, त्या पायाचं जे काय भोगायचं तेही त्यांच्याच माथी. जावईबापूंना फार तर ताकीद. त्यांचा काळ संपत आलाच आहे, तोवर दवाखाना बंद ठेवा. मग पाटी तेवढी बदलून घ्या." जाताना त्यांनी भाचीच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, तू माझ्या कचेरीतून उगाच गेलीस."

धाकटे हात धुवायला आत गेले आणि बराच वेळ धूत राहिले. ज्या दिवशी धुवायला हवे होते त्या दिवशी मात्र घाई होती.

सूनबाईने दारं-खिडक्या लावून घेतल्या. मग नेहमीसारखा रुमाल घेऊन ती आप्पांची हनुवटी पुसायला वाकली. आप्पांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"नाही."

"बरं, नका पुसू देऊ," ती म्हणाली. "चला, आप्पा. घरी जायचं ना?"

"नाही."

सवयीने तिने प्रश्न फिरवून बघितला. "इथे कशाला एकटं बसायचं? दमलात ना?"

"नाही."

"हे आता नवीन खूळ शिकलेत," धाकटे मागून म्हणाले. हात अजून ओले होते.

पुढचा प्रश्न कसा घालावा हे सूनबाई मनात जुळवत होती आणि जुळवता जुळवता तिच्या लक्षात आलं की आता त्याची गरज नाही. या माणसाचं उत्तर यापुढे कुणालाच लागणार नव्हतं.

"तुम्ही काखेत धरा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि आप्पांच्या खिशातून तो लोंबता हात काढून तिने कोट उतरवायला सुरुवात केली. आप्पा नाही म्हणत होते. गाडीत बसवेपर्यंत म्हणत होते.